काम मागणारा कोण? देशोदेशींच्या बेकारीच्या आकड्यांमागील तत्त्वविचार

निरनिराळ्या देशांतील बेकारीचे दर एकाच तक्त्यात शेजारी शेजारी छापले जातात, तेव्हा वाचणाऱ्याची सहज अशी समजूत होते, की पर्जन्यमान मोजावे तशी एखादी वस्तुस्थिती सर्वत्र एकाच मापाने मोजून समोर ठेवली आहे. माप बव्हंशी एकच आहे, हे खरे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पुढाकाराने भरणाऱ्या श्रमसांख्यिकीतज्ज्ञांच्या तेराव्या परिषदेने १९८२ साली बेकाराची जी व्याख्या मुक्रर केली, तीच थोड्याफार फरकाने बहुतेक देश वापरतात. त्या व्याख्येनुसार बेकार ठरण्यासाठी तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: पाहणीच्या संदर्भकाळात, म्हणजे सामान्यतः मागील सात दिवसांत, त्या व्यक्तीने मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी एक तासही काम केलेले नसावे, काम मिळाल्यास ते करण्यास ती मोकळी असावी, आणि काम मिळवण्यासाठी तिने अलीकडे काही खटपट केलेली असावी. अशा बेकारांची संख्या एकूण लोकसंख्येशी नव्हे, तर ‘श्रमशक्ती’शी, म्हणजे रोजगारात असलेले आणि बेकार यांच्या बेरजेशी ताडून पाहिली जाते व ते प्रमाण म्हणजे बेकारीचा दर. जो काम करत नाही आणि शोधतही नाही, तो या भागाकारात वरही नसतो आणि खालीही नसतो.

या तीन अटींपैकी पहिली बाह्य जगाविषयी आहे आणि ती पारखता येते. दुसरी अर्धीमुर्धी तशी आहे. तिसरी मात्र सरळसरळ इच्छेविषयी आहे, फक्त इच्छा डोळ्यांना दिसत नसल्यामुळे तिच्या जागी खटपट हा पुरावा म्हणून स्वीकारला जातो. शासनाच्या अन्य मोजण्यांत माणसाचे वय, शिक्षण, जमीन, घराचे छप्पर विचारले जाते; इथे मात्र ‘तुला काय हवे आहे’ हे विचारले जाते आणि त्या उत्तरावर माणसाचे वर्गीकरण ठरते. हा पुरावा तरी कोणता धरायचा, यावरही देशांत एकमत नाही. नोकरीच्या जाहिराती नुसत्या चाळणारा माणूस कॅनडात काम शोधणारा गणला जातो, तर अमेरिकेत तेवढ्याने भागत नाही, तिथे अर्ज करणे, मालकाला भेटणे यांसारखी सक्रिय हालचाल दाखवावी लागते. त्यामुळे सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या आणि एकसारखेच दिवस काढणाऱ्या दोन माणसांपैकी एक बेकार आणि दुसरा श्रमशक्तीबाहेरचा ठरू शकतो. हा फरक सांख्यिकीच्या दृष्टीने किरकोळ असून दोन देशांचे आकडे थोडीफार दुरुस्ती करून जुळवताही येतात. पण इच्छा किती तीव्र असली म्हणजे ती इच्छा म्हणून धरावी, हा जो प्रश्न त्यातून उघडा पडतो, तो कोणत्याही दुरुस्तीने मिटणारा नाही, कारण तो मुळात नीतिशास्त्राचा प्रश्न आहे.

इच्छेची ही अट लावल्यावर काय घडते, हे आफ्रिका खंडातीलच दोन देशांवरून चांगले दिसते. नायजर हा जगातील अत्यंत दरिद्री देशांपैकी एक. श्रम संघटनेच्या अंदाजांनुसार त्याचा बेकारीचा दर एका टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. दक्षिण आफ्रिकेचे दरडोई उत्पन्न नायजरच्या जवळपास दसपट, पण तिथे २०२१ च्या अखेरच्या तिमाहीत बेकारीचा दर ३५ टक्क्यांच्या वर गेला आणि शोध सोडून दिलेल्यांनाही धरणाऱ्या विस्तारित व्याख्येनुसार तो ४६ टक्क्यांवर पोहोचला. तक्ता सरळ वाचला तर नायजरमध्ये सुकाळ आहे आणि दक्षिण आफ्रिकेत हाहाकार, असा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात नायजरमधील माणसाला रिकामे बसणे परवडत नाही. कोरडवाहू तुकड्यावर बाजरी पेरणे, दोन शेळ्या राखणे, बाजाराच्या दिवशी ओझे वाहणे, यांपैकी काहीतरी केल्याशिवाय संध्याकाळची चूल पेटत नाही आणि सात दिवसांत असा एक तास भरला की तो रोजगारात जमा होतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीने काळ्या शेतकऱ्यांची जमीन आणि शहरातील फेरीवाल्यांची जागा अशा दोन्ही गोष्टी हिरावून घेतल्या, त्यामुळे नोकरी गेली तर टेकायला शेत नाही आणि पथारी मांडायला पदपथ नाही, अशी अवस्था पिढ्यान्‌पिढ्या राहिली. उलट आजच्या लोकशाही राजवटीतील वृद्धांच्या व मुलांच्या अनुदानांमुळे घरातला एखादा कर्ता माणूस काही काळ तरी काम शोधत राहू शकतो. म्हणजे बेकारीच्या दरात दारिद्र्य मोजले जात नाही. नकार देण्याची आणि वाट पाहण्याची ऐपत किती लोकांना आहे, हे त्यात काही अंशी मोजले जाते. बेकार म्हणवून घेण्यासाठी मधल्या दिवसांत आपल्याला कोणीतरी पोसणारा असावा लागतो, मग तो बाप असो, संघटना असो वा शासन असो.

भारतीय अर्थशास्त्रज्ञांना ही अडचण फार आधीपासून ठाऊक होती. मुंबई विद्यापीठातील प्राध्यापक एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७० साली असे सांगितले, की जिथे बहुसंख्य लोक स्वतःच्या शेतीत किंवा घरच्या धंद्यात गुंतलेले आहेत, तिथे बेकारीचा एकच एक आकडा काढणे निरर्थक आहे. आणि तेव्हापासून राष्ट्रीय नमुना पाहणी वर्षभराची सर्वसाधारण स्थिती, आठवड्याची स्थिती आणि दिवसाची स्थिती अशी निरनिराळी मापे वापरत आली. त्यानंतर थोड्याच वर्षांत राज कृष्ण यांनी वेळ, उत्पन्न, तयारी आणि उत्पादकता असे चार निकष सुचवले, आणि या चारही निकषांनी निघणारे बेकार एकच नसतात, हे दाखवून दिले. दोघांच्याही विवेचनात एक तात्त्विक शंका दडलेली आहे: ज्या समाजात काम आणि जगणे यांच्यामध्ये भिंत नाही, तिथे ‘कामाविना असणे’ या शब्दांना नेमका काय अर्थ द्यायचा?

आता श्रमशक्तीबाहेरच्या रकान्याकडे वळले पाहिजे, कारण खरी तत्त्वचर्चा तिथे आहे. त्या रकान्यात विद्यार्थी आहेत, निवृत्तिवेतनधारक आहेत, घर सांभाळणाऱ्या बायका आहेत, व्याजावर जगणारे आहेत. त्यातच अनेक वर्षे खेटे घालून शेवटी नाद सोडलेला माणूस आहे आणि ज्याने विचारपूर्वक संसाराकडे पाठ फिरवली तो माणूसही आहे. पाहणीच्या दृष्टीने शेवटच्या दोघांची उत्तरे सारखीच: काम नाही, शोधत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, ते या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाहीत. नेमून दिलेले कर्म मोहाने टाकणे हा तामस त्याग; ते दुःखद आहे, त्याने शरीराला कष्ट होतात, या भीतीने टाकणे हा राजस त्याग; आणि कर्म करीत राहून त्यातील आसक्ती व फळ तेवढे टाकणे हा सात्त्विक त्याग. तिन्हींत काही ना काही टाकलेले आहे, पण गीतेने त्याची प्रतवारी केली ती टाकण्याच्या कारणावरून. ‘निराश कामगार’ अशी एक उपसंज्ञा आधुनिक सांख्यिकीनेही केली आहे आणि काही देश ती वेगळी छापतात. पण तिथेही कारण विचारले जाते ते एका प्रश्नापुरते आणि उत्तर देणारा जे सांगेल ते लिहून घेतले जाते. ज्याची इच्छाच परिस्थितीने झिजवून टाकली आहे, तो ‘मला नकोच आहे’ असे सांगतो, आणि त्याचे सांगणे खोटे नसते. वैराग्य आणि हताशा यांना एकाच कोठीत ठेवणारे हे माप जेव्हा देशादेशांची तुलना करते, तेव्हा ज्या समाजाने आपल्या दुबळ्यांना इच्छा न करायला शिकवले, त्या समाजाचा आकडा चांगला दिसतो. अमर्त्य सेन यांनी वंचितांच्या जुळवून घेतलेल्या इच्छांविषयी जो इशारा दिला आहे, तो सुखाच्या मोजमापाइतकाच बेकारीच्या मोजमापालाही लागू पडतो, असे म्हणायला हरकत नाही.

इच्छेसारखीच दुसरी अडचण फळाची आहे. रोजगाराची व्याख्या मोबदला किंवा नफा या शब्दांभोवती फिरते. म्हणजे काम कोणते, हे त्याच्या फळावरून ठरते. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी, मंडालेच्या तुरुंगात केलेल्या चिंतनाच्या आधारे, याच्या नेमकी उलट भूमिका मांडली होती: कर्माची योग्यता फळावर नव्हे, कर्त्याच्या बुद्धीवर अवलंबून असते, आणि ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाची घडी नीट राहावी म्हणून, कर्म करीत राहणे हेच श्रेयस्कर आहे. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या गीता-प्रवचनांत हा धागा आणखी पुढे नेला. बाहेरच्या कर्माला आतल्या चित्ताची जोड मिळाली, या जोडीलाच ते विकर्म म्हणतात, की त्या कर्माचा भार उरत नाही आणि ते अकर्म होऊन जाते. यावर असा आक्षेप घेता येईल, आणि तो रास्तही आहे, की गीतेचे कर्म हा मोक्षविचारातला शब्द आणि सांख्यिकीचा रोजगार हा उत्पादनाच्या हिशेबातला, त्यामुळे दोघांची सांगड घालणे म्हणजे उगाच गोंधळ माजवणे. परंतु हा गोंधळ तत्त्वज्ञांनी माजवलेला नाही. ज्या क्षणी राष्ट्राची प्रकृती, सरकारची लायकी आणि माणसाची प्रतिष्ठा रोजगाराच्या आकड्यावरून ठरवली जाऊ लागली, त्या क्षणी तो आकडा नीतीच्या प्रांतात शिरला, आणि मग त्याला नीतीचे प्रश्न विचारले जाणे क्रमप्राप्त झाले.

फळावरून काम ओळखण्याची ही रीत घराच्या उंबऱ्यावर कशी अडखळते, हे भारतीय पाहणीत अगदी जवळून पाहता येते. समजा, सोलापूरकडच्या एखाद्या कुटुंबाने घरी खाण्यापुरती ज्वारी पिकवली. पेरणी, खुरपणी, काढणी, मळणी यांत राबलेली घरची बाई, एक पैसाही हाती न येता, रोजगारात मोजली जाते, कारण स्वतःच्या वापरासाठी का होईना, तिने कृषी उत्पादन काढले. तीच बाई त्या ज्वारीचे दळण करून भाकरी थापायला बसली की तेवढे काम आर्थिक कृतीत धरले जात नाही. दिवसभर हेच करणाऱ्या बाईच्या नावापुढे ‘९२’ हा संकेतांक पडतो, म्हणजे केवळ घरकाम. तिने जळण वेचून आणले, गुरांसाठी चारा गोळा केला, घरच्यांचे कपडे शिवले, तर ‘९३’, म्हणजे घरकाम आणि जोडीला घरच्या वापरासाठी फुकट वस्तू गोळा करणे वगैरे. पण हाही श्रमशक्तीबाहेरचाच संकेतांक. २०१९ च्या कालवापर पाहणीत, घरकाम करणाऱ्यांपुरते बोलायचे तर, स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचे ९७ मिनिटे त्यात जातात, असे आढळले. पाच तास राबणारी बाई ‘काम करत नाही’ असे म्हणणे, ही भाषेची चूक नाही, तो व्याख्येचा निर्णय आहे. श्रमसांख्यिकीतज्ज्ञांच्या २०१३ च्या एकोणिसाव्या परिषदेने या निर्णयात मोठा बदल केला: ‘काम’ ही व्यापक संज्ञा ठरवून स्वतःच्या वापरासाठीचे उत्पादन, रोजगार, विनावेतन उमेदवारी, स्वयंसेवा आणि इतर असे त्याचे प्रकार मानले आणि मोबदला-नफ्याच्या कामालाच रोजगार म्हटले. त्यामुळे भाकरी थापणे हे काम ठरले, परंतु घरापुरती ज्वारी पिकवणे रोजगारातून बाहेर गेले. निष्काम कर्म करणाऱ्यालाही या नव्या वाटणीत एक जागा मिळाली, तो स्वयंसेवक झाला. त्याच्या निष्कामतेची चौकशी अर्थातच होत नाही. ज्या देशांनी नवी व्याख्या स्वीकारली आणि ज्यांनी जुनीच चालू ठेवली, त्यांच्या रोजगाराच्या दरांची तुलना करताना ही गोष्ट तळटीपेत जाते. भारतात पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला, आणि या वाढीत ग्रामीण भागातील स्वयंरोजगाराचा, त्यातही घरच्या धंद्यात विनामोबदला मदत करणाऱ्या बायकांचा वाटा मोठा असल्यामुळे, काम वाढले की कामाकडे पाहण्याची पाहणीची नजर सुधारली, हा वाद अर्थशास्त्रज्ञांत अजून चालू आहे.

श्रमाविना खाणाऱ्याचे काय, हा प्रश्न धर्मांना सांख्यिकीच्या कितीतरी आधी पडला होता. ‘सुत्तनिपाता’तील कसिभारद्वाजाच्या सुत्तात मगधातला एक शेतकरी ब्राह्मण पेरणीच्या दिवसांत भिक्षेसाठी उभ्या असलेल्या बुद्धाला सुनावतो, की मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो, तूही तसेच कर. बुद्ध उत्तर देतो, की मीही नांगरतो आणि पेरतो. श्रद्धा हे माझे बी, तप हा पाऊस, प्रज्ञा हे माझे जू व नांगर. ब्राह्मण प्रसन्न होऊन खीर पुढे करतो, आणि इथे सुत्त एक अनपेक्षित वळण घेते: गाथा म्हणून मिळालेले अन्न आपण खाणार नाही, असे सांगून बुद्ध ती खीर नाकारतो. त्या नकारातच सगळी तत्त्वदृष्टी आहे. उपदेशाचे कर्म केले, हे सिद्ध झाले. पण त्याबद्दल खीर घेतली असती तर ते कर्म मजुरी ठरले असते. आजच्या पाहणीला त्याच क्षणी बुद्ध रोजगारात सापडला असता, आणि तो क्षण त्याने टाळला.

भारतातील ब्रिटिश जनगणनेला या फरकाचे थोडेसे भान होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जनगणनांत व्यवसायांच्या वर्गवारीत धार्मिक भिक्षेकरी व मठवासी यांना पुरोहितांच्या शेजारी ‘धर्म’ या व्यवसायात जागा होती, तर साधे भिकारी, भटके आणि वेश्या यांना तुरुंगातील कैद्यांच्या पंक्तीला ‘अनुत्पादक’ या वर्गात बसवले होते. आजच्या भारतीय पाहणीत भीक मागणारे आणि वेश्याव्यवसाय करणारे ‘९७’ या संकेतांकाखाली ‘इतर’ म्हणून नोंदले जातात. वेश्येला मोबदला मिळतो, तरीही ती रोजगारात नाही. म्हणजे फळाची कसोटीदेखील सर्वत्र प्रामाणिकपणे लावलेली नाही आणि जिथे समाजाला लाज वाटते तिथे ती गुपचूप बाजूला ठेवली आहे.

ख्रिस्ती परंपरेत हाच प्रश्न प्रेषित पौलाच्या थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात येतो. प्रभूचा दिवस आलाच आहे, मग कशाला राबायचे, असे म्हणून काही लोक हातपाय हलवेनासे झाले होते, अशी त्या पत्राची पारंपरिक पार्श्वभूमी सांगितली जाते. जो काम करू इच्छित नाही त्याने खाऊ नये, असा तिथला आदेश आहे. आदेशातला भर इच्छेवर आहे, काम न मिळणाऱ्यावर नाही. १९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेच्या बाराव्या अनुच्छेदाने हेच तत्त्व उचलले, पण त्यातली इच्छा गाळली: जो काम करत नाही तो खाणार नाही. सोव्हिएत शासनाने १९३० सालीच बेकारी संपल्याचे जाहीर करून बेकारांचे भत्ते बंद केले होते, तेव्हा या वगळण्यामागे तर्क होता. सर्वांना काम आहे असे एकदा ठरले की काम न करणारा प्रत्येक जण तसे इच्छेनेच करतो, हे ओघाने येते. मॅक्स वेबरने १९०४-०५ मध्ये प्रोटेस्टंट पंथांच्या ज्या कर्मनिष्ठ आचारधर्माचे विश्लेषण केले, त्यात आळस हे ईश्वरी कृपेच्या अभावाचे लक्षण मानले जाई. सोव्हिएत व्यवस्थेत ईश्वराच्या जागी शासन आले आणि आळस गुन्हा झाला. १९६१ च्या ‘परोपजीवी’विरोधी फर्मानाखाली १९६४ मध्ये लेनिनग्राडमध्ये कवी जोसेफ ब्रॉडस्की याच्यावर खटला चालला, तेव्हा न्यायाधीशाचा सगळा रोख असा, की याला कवींच्या यादीत घातले कोणी, कोणत्या संस्थेने याला कवी म्हणून मान्य केले. पाच वर्षे सक्तमजुरीसह हद्दपारीची शिक्षा झालेला हा कवी दुसऱ्या वर्षी सुटला आणि १९८७ मध्ये त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, ही गोष्ट वेगळी. शून्य बेकारी हे ज्या राष्ट्राचे ब्रीद असते, तिथे बेकाराला एक तर अस्तित्व नसते किंवा आरोपी म्हणून अस्तित्व असते, एवढे त्या खटल्यातून स्वच्छ होते.

कामाला धर्माचे अधिष्ठान देण्याची भारतीय रीत याहून निराळी आणि काही बाबतींत अधिक घातक ठरली. गीतेतील स्वधर्माचा अर्थ जन्माने ठरलेला धंदा असा घेतला गेला, तेव्हा काम निवडण्याचा प्रश्नच उरला नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये या व्यवस्थेवर घेतलेल्या आक्षेपांत एक थेट बेकारीविषयी आहे आणि तो फारसा उद्धृत होत नाही: उद्योगधंदे बदलत असताना जात माणसाला दुसरा धंदा धरू देत नाही, म्हणून देशात दिसणाऱ्या बेकारीचे जात हे एक प्रत्यक्ष कारण आहे. इथे माणसाला काम नको असते असे नाही, त्याने अमुक काम इच्छावे याचीच मुभा नसते. इच्छेच्या कसोटीवर उभी असलेली पाहणी अशा समाजात गेली, तर ती इच्छा कोणाची आणि कोणी आखून दिलेली, हे विचारायला तिच्याकडे रकाना नसतो. टिळक-विनोबांच्या कर्मविचाराचे मोठेपण मान्य करूनही असे म्हणावे लागते, की फळाची आसक्ती सोडण्याचा उपदेश ज्याच्या हाती कधी फळ आलेच नाही, त्याला करणे न्याय्य नाही; आंबेडकरांची टीका या ठिकाणी निरुत्तर करणारी आहे.

मग काम जाण्याने माणूस गमावतो ते नेमके काय? सेन यांनी १९७५ च्या एका ग्रंथात रोजगाराचे तीन पैलू वेगळे केले: त्यातून उत्पन्न मिळते, त्यातून उत्पादन होते आणि त्यातून मान्यता मिळते, म्हणजे आपण काही उपयोगाचे करतो आहोत, हा भाव. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावातील कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायसेल यांनी तिथे केलेल्या आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा तिसरा पैलू घड्याळ लावून पाहिला गेला. बेकार पुरुषांना आता वेळच वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले. रस्त्याने चालणाऱ्यांवर नजर ठेवली तेव्हा पुरुष रेंगाळत, मध्येच थांबत चालताना दिसले आणि बायका झपझप. बायकांचीही गिरणीतली कमाई गेली होती, पण घरचे काम संपले नव्हते. त्यांच्या बाबतीत कमाई नाही असे म्हणता येईल, काम नाही असे नव्हे, हा फरक अभ्यासकांनी आवर्जून नोंदवला. सोलापूरकडच्या बाईचा ‘९२’ हा संकेतांक आणि मारिएनथालच्या बाईची चाल यांत ऐंशी-नव्वद वर्षांचे अंतर आहे, प्रश्न तोच आहे.

देशांच्या तुलनेकडे परत यायचे तर, निरनिराळ्या समाजांनी आपले बेकार निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेले आढळतात. कतारमध्ये बेकारीचा दर ०.१ टक्क्याच्या आसपास असतो, कारण तिथली बहुसंख्य श्रमशक्ती परदेशी आहे आणि तिचा निवासाचा परवाना नोकरीशी बांधलेला आहे. नोकरी गेली की माणूस जातो, आणि त्याची बेकारी नेपाळमधल्या एखाद्या खेड्याच्या, नाहीतर रत्नागिरी किंवा गोव्यातल्या आकडेवारीत उगवते. नेदरलँड्समध्ये १९९० च्या सुमारास अपंगत्व-विम्यावर जगणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या जवळ पोहोचली होती. उद्योगांना नकोसे झालेले कितीतरी कामगार बेकार न ठरता आजारी ठरले. अमेरिकेत तुरुंगातील माणसे पाहणीच्या कक्षेतच येत नाहीत, आणि त्यांना हिशेबात धरले तर १९९० च्या दशकातील अमेरिकेची युरोपवरची आघाडी पुष्कळच घटते, असे ब्रूस वेस्टर्न आणि कॅथरिन बेकेट यांनी १९९९ मध्ये दाखवले. पाहुणा, रोगी, कैदी: या तिन्ही संज्ञा मुळात नैतिक आहेत, आणि त्यांतील प्रत्येकीने त्या त्या देशाच्या बेकारीच्या आकड्याचा काही भार परस्पर उचललेला आहे. तुलना करूच नये, असा याचा अर्थ नव्हे. एका देशाने गेल्या वर्षीच्या स्वतःच्या आकड्याशी केलेली तुलना पुष्कळ विश्वासार्ह असते, आणि सारख्या घडणीच्या देशांतही ती चालते. पण भिन्न घडणीच्या देशांत दरांच्या आधी विचारावे लागते ते हे, की तिथे काम नाकारण्याची किंमत काय आहे आणि ती कोण भरतो.

महाराष्ट्राने या प्रश्नाला एकदा वेगळ्या दिशेने हात घातला होता. संतसाहित्याचे अभ्यासक असलेले विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात सुरू झालेला प्रयोग १९७२ च्या दुष्काळात राज्यभर फैलावला आणि १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने त्याला हक्काचे रूप आले. तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यात बेकार कोण, हे पाहणी करून ठरवायचे नव्हते. जो अंगमेहनतीचे काम मागेल तो बेकार, आणि पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास तो भत्त्याचा धनी. उन्हात दगड फोडण्याची आणि माती वाहण्याची तयारी हीच इच्छेची परीक्षा ठरली. ती कठोर होती, शिकलेल्यांना आणि अशक्तांना ती गैरलागू होती, आणि हक्काचा भत्ता प्रत्यक्षात क्वचितच कोणाच्या हाती पडला. तरीही इच्छेचा पुरावा म्हणून खटपट न धरता मागणी धरण्यात मोठा फरक होता: पाहणीतला बेकार एखाद्या रकान्यात जाऊन बसतो, मागणी करणाऱ्यासमोर शासन देणेकरी होते. या देण्यासाठी पैसा उभा करायचा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला, आणि ज्यांना रोजगार आहे त्यांनी नसलेल्यांच्या रोजगाराचा खर्च उचलावा, असे तत्त्व कायद्यात आले. महाराष्ट्रातील पगारदाराच्या पावतीवर आजही दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची ती वजावट छापलेली असते. ती कशासाठी सुरू झाली, हे फार थोड्या पगारदारांना सांगता येईल.